पोर्तो : उताराच्या मर्जीनं एक निवांत दिवस

पोर्तो नकाशावर छोटं दिसतं आणि पायांना मोठं लागतं. पोर्तुगालचं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर दोरू नदीच्या उत्तर काठावर, ग्रॅनाइटच्या उभ्या उतारावर वसलं आहे. वरचं शहर आणि नदीकाठ यांच्यातलं अंतर फार नाही, पण उंचीत साधारण ६० मीटरचा फरक आहे आणि तो बहुतेक ठिकाणी पायऱ्यांनी भरून काढलेला आहे. 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' अशी यादी घेऊन निघालं की माणूस दिवसातून तीनदा खाली उतरतो, तीनदा वर चढतो आणि दुपारी चार वाजता कुठल्यातरी पायरीवर बसून राहतो.

म्हणून इथला बेत उंचीवरून आखला आहे. सकाळी वरच्या शहरात सुरुवात करायची, दुपारपर्यंत पाण्याच्या पातळीला यायचं, पूल खालच्या मजल्यावरून ओलांडायचा, पलीकडे रोपवेनं वर जायचं आणि सूर्यास्तानंतर त्याच पुलाच्या वरच्या मजल्यावरून परत यायचं. दिवसभरात दमवणारा चढ जवळजवळ नाहीच. युरोपात नोकरीला असलेली बरीच मराठी मुलं आई-बाबांना बोलावून घेतात आणि त्यांना घेऊन फिरतात. हा क्रम लावताना आई-बाबांचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

निघण्याआधी

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. हिवाळ्यात अटलांटिकवरून पाऊस येतो आणि दिवसही आखूड होतो. डिसेंबरात पाचनंतर लगेच सूर्य मावळतो, तर जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. पुढचं वेळापत्रक उन्हाळ्याचं आहे. हिवाळ्यात जाणार असाल तर दुपारनंतरचा सगळा भाग दोन-तीन तास अलीकडे ओढा.

रविवार टाळा, कारण बोल्यांव बाजार त्या दिवशी बंद असतो.

बुटांचे तळवे पकड घेणारे हवेत. इथले फरसबंदीचे दगड पिढ्यान्‌पिढ्या पाय पडून गुळगुळीत झालेत आणि सकाळच्या दमट हवेतही त्यांच्यावरून पाय सरकतो. चपला आणि नवे कोरे सँडल हॉटेलवरच ठेवा.

मुक्काम बोल्यांव, त्रिंदाद किंवा अलियादुश या वरच्या भागात, मेट्रोच्या जवळ घ्या. नदीकाठच्या रिबैरातल्या खोल्यांचे फोटो मोहात पाडतात, पण सामानाच्या चाकांच्या बॅगा त्या गल्ल्यांतून ओढत नेणं जिकिरीचं आहे, आणि अनेक जुन्या इमारतींना लिफ्टही नसते. विमानतळावरून मेट्रोची जांभळी लाइन अर्ध्या तासात त्रिंदादला पोचवते. त्यासाठी आंदांत नावाचं कार्ड घ्यावं लागतं. ते प्रत्येकाचं वेगळं हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. स्थानकांवर अडवणारी फाटकं नसतात, त्यामुळे पिवळ्या यंत्राला कार्ड लावायचं राहून जाण्याची शक्यता असते. न लावता बसलात आणि तपासनीस आला तर दंड होतो. दर वेळी, गाडी बदलतानासुद्धा, कार्ड लावायची सवय करा.

लिस्बनहून रेल्वेनं येणार असाल तर साधारण तीन तास लागतात. लांबच्या गाड्या कांपान्यां स्थानकावर थांबतात. तिथून लोकलनं पाच मिनिटांत शहराच्या मधोमध सांव बेंतोला येता येतं.

सकाळी साडेआठ : बोल्यांव

बोल्यांव मेट्रो स्थानकातून वर आलात की समोरच निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेली कापेला दास आल्मास दिसेल. या छोट्या चर्चच्या बाहेरच्या भिंतींवर सुमारे १६,००० फरशा आहेत. त्या जुन्या वाटतात, पण बसवल्या गेल्या १९२९ मध्ये. असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत कॅथरिन यांच्या आयुष्यातले प्रसंग त्यांवर रंगवलेले आहेत. सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा रस्त्याच्या पलीकडून संपूर्ण भिंत एका नजरेत घ्या.

शेजारीच बोल्यांव बाजार. १९१४ साली ही इमारत उभी राहिली, दीर्घकाळ दुरुस्तीसाठी बंद राहिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा उघडली. आत मासळी, भाज्या, फुलं, ऑलिव्ह, चीज आणि सुका मेवा. दुपारसाठी थोडी फळं आणि चीज इथूनच बांधून घ्या, विशेषतः तुम्ही शाकाहारी असाल तर.

नाश्ता जवळच्या कुठल्याही 'पास्तेलारिया'त करा. दुधाची कॉफी कपात हवी तर 'मेया द लेइत', उंच ग्लासात हवी तर 'गलांव', चहा हवा तर 'शा' मागा. पास्तेल द नाता ही कस्टर्डची छोटी खुसखुशीत वाटी सगळीकडे मिळते. तिच्यात अंड्याचा बलक असतो, आणि इथल्या बहुतेक पारंपरिक मिठायांचं तसंच आहे. अंडं चालत नसेल तर लोणी लावलेला भाजका पाव, 'तोरादा', पोटभरीचा होतो. गल्ल्यावर उभं राहून खाण्यापेक्षा टेबलाशी बसा. आजचा दिवस घाईचा नाही.

साडेनऊ : सांव बेंतो

बोल्यांवपासून सा द बांदैरा रस्त्यानं उतरत गेलात की दहा मिनिटांत सांव बेंतो रेल्वे स्थानक येतं. इथे घाई करू नका. मी या एका दालनासाठी पाऊण तास राखून ठेवतो, आणि पूर्ण पोर्तोत एकच जागा बघायची वेळ आली तर हीच बघा असं सांगेन.

इथे पूर्वी बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणींचा मठ होता. तो पाडून वास्तुरचनाकार जुझे मार्केश द सिल्वा यांनी स्थानक बांधलं आणि १९१६ मध्ये ते सुरू झालं. प्रवेशदालनाच्या भिंतींवर सुमारे २०,००० अझुलेजो, म्हणजे रंगवून भाजलेल्या चकचकीत फरशा आहेत. त्या जोर्ज कोलासो या चित्रकारानं रंगवल्या.

बहुतेक प्रवासी दालनाच्या मधोमध उभे राहून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही भिंतीपाशी जा आणि वरून खाली वाचत या. सर्वांत वर रंगीत पट्टा आहे, त्यात दळणवळणाच्या साधनांचा इतिहास आहे. त्याखाली मोठी निळी चित्रं. एकात गळ्यात दोर अडकवून, बायको-मुलांसह राजासमोर उभा असलेला माणूस शोधा. तो एगाश मोनिश. पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु एन्रिकश लहान असताना हा त्याचा सांभाळ करणारा सरदार होता. त्यानं लिओनच्या राजाला आपल्या धन्याच्या वतीनं शब्द दिला, आणि धन्यानं तो पाळला नाही. तेव्हा दिलेल्या शब्दाची किंमत म्हणून सहकुटुंब आपला जीव देऊ करायला तो तिथे गेला, अशी कथा पोर्तुगीज मुलं शाळेत ऐकतात. दुसऱ्या चित्रात राजा पहिला जुआंव आपल्या इंग्लिश वधूसह, फिलिपा ऑफ लँकेस्टरसह, पोर्तोत प्रवेश करतो आहे. साल १३८७. आणखी एकात १४१५ ची उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावरची स्वारी आहे, जिच्यापासून पोर्तुगालचा समुद्रापलीकडचा विस्तार सुरू झाला.

या भव्य चित्रांखालची लहान चित्रं मला जास्त आवडतात. द्राक्षांची तोडणी, नावेतून निघालेली पिंपं, पाणचक्की, जत्रा. दुपारनंतर नदीच्या पलीकडे जे प्रत्यक्ष पाहणार आहात, त्याची ही आधीच मिळालेली ओळख आहे.

गोव्याच्या वाचकांना हा हात ओळखीचा वाटेल. पणजीत आझाद मैदानाशेजारच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशद्वारातल्या निळ्या फरशा जोर्ज कोलासोच्याच आहेत, १९३५ च्या. त्यांवर व्हास्को द गामाच्या सफरीवरच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. पोर्तोला जाण्यापूर्वी पणजीतल्या त्या भिंती नीट पाहून गेलात तर इथे दुप्पट दिसेल.

साडेदहा : टेकडीवरचं कॅथेड्रल

दिवसातला चढ म्हणावा असा हा एवढाच. सांव बेंतोच्या बाजूनं रुंद रस्ता कॅथेड्रलकडे चढतो. पोर्तोत कॅथेड्रलला नुसतं 'से' म्हणतात. बाराव्या शतकात सुरू झालेली ही वास्तू दिसायला किल्ल्यासारखी आहे, जाड भिंती आणि चौकोनी बुरुज. जुआंव आणि फिलिपा यांचं लग्न १३८७ मध्ये इथेच लागलं. त्यांच्या मुलांपैकी एक हेन्री, ज्याला जग दर्यावर्दी राजपुत्र म्हणून ओळखतं, तो १३९४ मध्ये याच शहरात जन्मला.

मुख्य चर्च पाहायला पैसे लागत नाहीत, आतल्या चौकासाठी तिकीट आहे. ते घ्याच. चौदाव्या शतकातल्या त्या गॉथिक चौकाला अठराव्या शतकात निळ्या फरशा बसवल्या, आणि दगडाचा करडेपणा व फरशांचा निळा रंग शेजारी शेजारी पाहताना हे शहर कळू लागतं. चर्चमधल्या चांदीच्या वेदीबद्दल असं सांगतात की १८०९ मध्ये फ्रेंच सैन्य आलं तेव्हा लोकांनी पुढे भिंत रचून ती लपवली आणि वाचवली.

बाहेरच्या मोकळ्या पटांगणाच्या कठड्याशी उभं राहिलं की लाल कौलांचा समुद्र आणि त्यातून वर आलेला क्लेरिगुश मनोरा दिसतो. इटलीच्या तोस्काना प्रांतातून आलेल्या निकोलाउ नाझोनी यानं तो बांधला. १७६३ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा ७५ मीटर उंच आहे आणि दोनशेहून अधिक पायऱ्या चढून वर जाता येतं. निवांत दिवसात मी तो चढायला सांगणार नाही. वरून जे दिसतं त्यातलं बरंचसं या कठड्यावरून फुकट दिसतं, शिवाय इथून मनोराही दिसतो.

त्याच्याजवळचं लेलो हे १९०६ चं पुस्तकांचं दुकान लाल वळणदार जिन्यासाठी प्रसिद्ध आहे. आत जायला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, ती रक्कम पुस्तक घेतल्यास बिलातून वजा होते. दुकान खरोखर देखणं आहे, पण आत इतकी गर्दी असते की पुस्तक चाळता येत नाही. आज सोडून द्या.

साडेअकरा : खाली, नदीकडे

इथून रिबैरात उतरायच्या दोन वाटा आहेत.

गुडघे धड असतील तर कॅथेड्रलच्या मागच्या गल्ल्यांतून, पायऱ्यांच्या वाटेनं उतरा. एस्कादाश दाश व्हेर्दादश या पायऱ्या नदीच्या दिशेनं थेट खाली जातात. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतक्या काही जागा अरुंद आहेत. वर वाळत घातलेले कपडे, खिडकीत पिंजऱ्यातला पक्षी, उंबऱ्यात बसलेल्या आज्जी. ही लोकांची घरं आहेत, म्हणून आवाज बेताचा ठेवा आणि उघड्या दारांतून कॅमेरा आत नेऊ नका. समोर कुणी आलं तर 'बों दिया' म्हणा, उत्तर नक्की मिळतं.

पायऱ्या नको असतील तर सांव बेंतोला परत येऊन मोझिन्यु दा सिल्वैरा रस्त्यानं किंवा त्याला समांतर रुआ दाश फ्लोरश या सोळाव्या शतकातल्या रस्त्यानं सावकाश उतरा. फ्लोरश रस्त्यावर वाहनं जवळजवळ नाहीत, दुतर्फा लोखंडी सज्ज्यांची घरं आहेत, आणि वाटेत नाझोनीनंच सजवलेला मिझरिकोर्दिया चर्चचा दर्शनी भाग लागतो. आई-बाबांबरोबर असाल तर हीच वाट धरा. यात काही गमावलं असं वाटणार नाही.

रिबैरा हा जुना धक्का. उंच, अरुंद, पिवळ्या-तांबड्या घरांची रांग आणि खाली कमानी. मध्ययुगात शहराभोवती फेर्नांदीना नावाची तटबंदी होती; तिचा नदीकडचा एक दिंडीदरवाजा, पोश्तिगु दु कार्व्हांव, अजून उभा आहे. सगळी खालची दुकानं त्या तटाला धरूनच वाढली.

पुलाच्या दिशेनं चालत जाताना भिंतीवर एक काळसर ब्राँझचं शिल्प दिसेल, समोर मेणबत्त्या असतात. तिथे थांबा. १८०६ पासून इथे नावा एकमेकींना बांधून केलेला पूल होता. २९ मार्च १८०९ रोजी नेपोलियनचा सेनापती सूल्त शहरात घुसला तेव्हा लोक जीव मुठीत धरून या पुलावर धावले आणि गर्दीच्या लोंढ्यात तो खचला. किती माणसं बुडाली याचे आकडे वेगवेगळे आहेत, काही हजारांपर्यंत जातात. दोनशे वर्षं होऊन गेली तरी पोर्तोची माणसं येता-जाता इथे मेणबत्ती लावतात.

साडेबारा : जेवण

नदीच्या अगदी काठावरच्या टेबलांचे पैसे देखाव्याचे असतात. एक-दोन गल्ल्या आत जा आणि जिथे फळ्यावर खडूनं 'प्रातु दु दिया' लिहिलं असेल, म्हणजे आजचं ताट, तिथे बसा. सूप, मुख्य पदार्थ, कधी पेय आणि कॉफी धरून रास्त भावात होतं. स्वयंपाकघर साधारण अडीचला बंद होतं, म्हणून उशीर नको.

बसल्या बसल्या टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह येतील. हे मोफत नसतं. याला 'कुव्हेर्त' म्हणतात आणि खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. कुणाला वाईट वाटत नाही.

पोर्तोची खास ओळख म्हणजे 'त्रिपाश', पांढऱ्या घेवड्याबरोबर शिजवलेली वजडी. १४१५ च्या सेउता मोहिमेसाठी शहरानं सगळं चांगलं मांस जहाजांवर चढवलं आणि स्वतःसाठी आतडी ठेवली, अशी कथा आहे. त्यावरून पोर्तोच्या माणसांना आजही 'त्रिपैरू' म्हणतात आणि ते हे नाव अभिमानानं मिरवतात. दुसरा पदार्थ फ्रान्सेझिन्या. पावाच्या दोन तुकड्यांत गोमांस, हॅम, सॉसेज, वरून वितळलेलं चीज आणि टोमॅटो-बियरचा गरम रस्सा. गोमांस किंवा डुकराचं मांस खात नसाल तर याच्या वाटेला जाऊ नका. काही ठिकाणी भाज्यांची आवृत्ती मिळते, ती विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. निखाऱ्यावरचे तारले आणि खारवलेल्या कॉडचे, म्हणजे 'बाकाल्याव'चे, असंख्य प्रकार.

शाकाहारी मंडळींनी 'सें कार्न, सें पेइश' हे शब्द पाठ करावेत, म्हणजे मांस नको, मासे नकोत. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की कधी कधी ट्यूना घातलेलं सॅलड पुढे येतं. 'काल्दु व्हेर्द' हे हिरव्या पानांचं सूप दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्यात शोरिसूची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती टाकतात आणि ती काढली तरी चव उतरलेलीच असते. 'सोपा द लेगुमश' त्यामानानं बरं, तेही मांसाच्या पाण्यात शिजवलं आहे का हे विचारा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली विकत घ्यायची गरज नाही.

दोन वाजता : एक चर्च, आणि मग निर्णय

जेवणानंतर पाच मिनिटांवर सांव फ्रान्सिस्कु चर्च आहे. बाहेरून साधं गॉथिक. आत अठराव्या शतकात खांब, कमानी, छत असं जवळजवळ सगळं कोरीव लाकडानं झाकून त्यावर सोन्याचा मुलामा चढवला आहे. डोळ्यांना सवय व्हायला जरा वेळ लागतो. तळघरात जुन्या दफनांच्या जागा आहेत. लहान मुलं असतील तर तिथे उतरू नका. शेजारचा पालासियु दा बोल्सा, व्यापाऱ्यांचा महाल, फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येतो. त्यातलं अरबी शैलीचं दालन पूर्ण करायला १८ वर्षं लागली. दोन्ही एका दुपारी पाहिलं तर मन भरून जातं आणि काहीच लक्षात राहत नाही, तेव्हा चर्च पुरे.

आता ठरवा : गाया, म्हणजे पुलापलीकडचं मद्याच्या कोठारांचं शहर, की समुद्र?

मद्याच्या कोठारात रस नसेल, किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर चर्चसमोरूनच १ क्रमांकाची जुनी लाकडी ट्राम सुटते. ती नदीच्या कडेकडेनं, १९६३ च्या आराबिदा पुलाखालून पश्चिमेला जाते. २७० मीटरची त्याची काँक्रीटची कमान तेव्हा जगात सर्वांत मोठी होती. शेवटी उतरून पासैयु आलेग्र बागेतून दहा मिनिटं चाललात की दोरू अटलांटिकला मिळते ती जागा आणि दीपस्तंभ. ट्रामचं तिकीट वेगळं, गाडीतच मिळतं. रांग लांब असेल तर ५०० क्रमांकाची बस त्याच रस्त्यानं जाते आणि तिला आंदांत चालतं. तिथेच सूर्यास्त पाहा आणि बसनं परत या. हाही पूर्ण दिवस आहे.

माझं मत गायाच्या बाजूचं आहे.

तीन वाजता : पुलाचा खालचा मजला

दों लुईस पूल लोखंडाचा, दुमजली, १८८६ मध्ये खुला झालेला. लोक याला आयफेलचा पूल समजतात. आराखडा तेओफिल सेरिग याचा, जो आधी आयफेलचा भागीदार होता. आयफेलच्या कंपनीचा पूल वरच्या अंगाला आहे, १८७७ चा मारिया पिया रेल्वेपूल. त्यावरून १९९१ पर्यंत गाड्या गेल्या. दों लुईसची कमान १७२ मीटरची आहे. खालच्या मजल्यावरून चालताना मान वर करा, लोखंडाची ती जाळी डोक्यावर कशी उघडत जाते ते पाहण्यासारखं आहे. पोर्तोच्या टोकाला पुलालगतचे दोन दगडी खांब दिसतात, ते याच्या आधीच्या, १८४३ च्या झुलत्या पुलाचे.

पुलापलीकडे पोर्तो संपतं. व्हिला नोव्हा द गाया हे वेगळं शहर आहे, त्याची नगरपालिकाही वेगळी. पोर्तोच्या नावानं जगभर विकलं जाणारं मद्य गेली काही शतकं या काठावर मुरलं. द्राक्षं पिकतात शंभरेक किलोमीटर वर, दोरूच्या खोऱ्यातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांत. १७५६ मध्ये राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल यानं त्या प्रदेशाची हद्द आखून दिली. तिथला उन्हाळा फार कडक असतो. गायाचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे आणि समुद्र जवळ, त्यामुळे हवा थंड व दमट राहते आणि पिंपातलं मद्य सावकाश मुरतं. म्हणून पिंपं नदीतून 'राबेलु' जातीच्या होड्यांनी इथे आणायची. धक्क्याला आज बांधलेल्या राबेलु शोभेच्या आहेत. धरणं होण्यापूर्वी त्याच नावा खडकाळ वेगवान पाण्यातून उतरत, आणि ते धोक्याचं काम होतं. १८६१ मध्ये व्हालैरा इथे नाव उलटून जोझेफ फॉरेस्टर बुडाला, ज्यानं या नदीचा तपशीलवार नकाशा काढला होता. त्याच नावेत मळ्यांची मालकीण दोना आंतोनिया फेरैरा होती. तिच्या फुगीर घोळदार झग्यानं तिला तरंगत ठेवलं असं म्हणतात. ही बाई तरुणपणी विधवा झाली आणि तिनं दोरूच्या खोऱ्यातला केवढा तरी कारभार उभा केला. तिच्या घराण्याचं कोठार याच धक्क्यावर आहे.

एकच कोठार निवडा आणि इंग्रजी फेरीची वेळ आदल्या दिवशी राखून ठेवा. फेरी तासाभराची असते. काय पाहायचं ते आधी माहीत असलं की मजा वाढते. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात सुमारे ७७ टक्के तीव्रतेची द्राक्षाची दारू ओततात. त्यानं आंबणं थांबतं, गोडवा रसात तसाच राहतो आणि तयार मद्याची तीव्रता २० टक्क्यांच्या आसपास जाते. मोठ्या पिंपात हवा कमी लागते, लाल रंग टिकतो, ते 'रुबी'. साडेपाचशे लिटरच्या आसपासच्या लहान पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेलं तपकिरी होतं, अक्रोड-खारकेची चव येते, ते 'टॉनी'. चव घ्यायची असेल तर रुबी आणि दहा वर्षांचं टॉनी शेजारी शेजारी घ्या. फरक लगेच कळतो. मद्य न पिणाऱ्यांनीही यायला हरकत नाही. अंधाऱ्या कोठारातला ओल्या लाकडाचा वास आणि पिंपांच्या रांगा पाहण्याजोग्या आहेत, आणि पेला हातात घेण्याची सक्ती कुणी करत नाही.

बाहेर आल्यावर धक्क्यावर बसा. इथे अर्धा तास काहीच ठरवलेलं नाही, आणि तो तसाच ठेवा. समोर उताराला चिकटलेलं अख्खं पोर्तो दिसतं. सकाळपासून कुठून कुठे उतरलात ते बोटानं दाखवता येतं.

संध्याकाळ : रोपवे आणि वरचा मजला

गायाच्या धक्क्यावरून रोपवे तुम्हाला पुलाच्या वरच्या मजल्याच्या पातळीला, जार्दीं दु मोरु बागेत सोडतो. तो संध्याकाळी बंद होतो, वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून धक्क्यावर पोचल्या पोचल्याच शेवटची फेरी विचारून ठेवा.

बागेच्या वर सेरा दु पिलार मठ आहे, गोल चर्च आणि गोल चौक असलेला. त्याच्या कठड्यावरून दिसणारं दृश्य या दिवसातलं सर्वांत मोठं, आणि मराठी वाचकासाठी इथे एक वेगळा धागा आहे. १२ मे १८०९ रोजी आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच टेकडीवरून पलीकडचं फ्रेंचांच्या ताब्यातलं पोर्तो न्याहाळत होता. पूल नव्हता, नावा फ्रेंचांनी आपल्या काठाला ओढून नेल्या होत्या. एका स्थानिक न्हाव्यानं पिंपं वाहणाऱ्या काही नावांचा ठावठिकाणा दिला, त्यांतून सैनिक भरदिवसा पलीकडे गेले आणि सूल्तला शहर सोडावं लागलं. हाच वेलस्ली सहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांसमोर उभा होता. तिथेही नदी आडवी होती. दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत म्हणजे मध्ये पायी ओलांडण्याजोगा उथळ उतार असणारच, हे त्यानं ताडलं आणि तिथून सैन्य पार केलं. असईचा इतिहास वाचलेल्या माणसानं या कठड्यावर दहा मिनिटं जास्त थांबावं.

१८३२-३३ च्या यादवी युद्धातल्या वेढ्यात, निरंकुश राजसत्तेच्या फौजांविरुद्ध लढणाऱ्या उदारमतवाद्यांच्या हाती दक्षिण काठावर राहिलेली जागाही हाच मठ. वेढा सोसून शहर शरण गेलं नाही, म्हणून पोर्तोला 'इनव्हिक्ता', अजिंक्य, हे बिरुद मिळालं. त्यांचा नेता, ब्राझीलचा पहिला सम्राट राहिलेला दों पेद्रु, यानं आपलं हृदय या शहराला दिलं, अगदी शब्दशः. ते लापा चर्चमध्ये जतन केलेलं आहे, आणि २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या २०० वर्षांनिमित्त काही दिवस तिकडे नेलं होतं.

सूर्यास्ताला बागेच्या हिरवळीवर तरुण पोरं-पोरी जमतात, कुणी गिटार वाजवतं. जागा धरायची असेल तर पाऊण तास आधी या आणि अंगावर एक गरम थर ठेवा, जूनमध्येही नदीवरून गार वारा सुटतो. मग वरच्या मजल्यावरून चालत परत. तिथे मेट्रोची पिवळी लाइन आणि पायी चालणारे, दोघंच असतात. मुलांचा हात धरा, कारण रूळ आणि पायवाट यांच्यात कठडा नाही. उंचीची भीती वाटत असेल तर जार्दीं दु मोरुहून मेट्रो पकडा, पुढचंच स्थानक सांव बेंतो. दोन्ही प्रकारे तुम्ही वरच्या शहरातच पोचता, मुक्कामाजवळ. रात्रीचं जेवण इथे आठनंतर रंगतं.

तुमचा दिवस २३ जून असेल तर मात्र हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा. ती सांव जुआंवची रात्र. गोव्यात दुसऱ्या दिवशी विहिरीत उड्या घेऊन सांजांव साजरा होतो, त्याच संताची. पोर्तोत लोक रस्त्यावर तारले भाजतात, तुळशीच्या जातीच्या रोपांच्या कुंड्या भेट देतात, अनोळखी माणसाच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोड्यानं हलकेच टपली मारतात आणि मध्यरात्री नदीवर आतषबाजी होते. मुक्काम फार आधी राखून ठेवा आणि पहाटेपर्यंत जागायची तयारी ठेवा.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर शहरात घालवू नका. दोरू लाइनच्या गाडीनं पिन्यांवला जा, सुमारे अडीच तास लागतात. गाडी सांव बेंतोहून सुटते की कांपान्यांहून, ते आदल्या संध्याकाळी पाहून ठेवा. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर १९३७ च्या फरशांत द्राक्षतोडणी रंगवलेली आहे आणि स्थानकाबाहेर पडताच खरे मळे सुरू होतात. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा. अर्ध्या वाटेनंतर नदी त्याच बाजूला येते आणि पिन्यांवपर्यंत सोबत राहते.